एट्रुस्कन घाट, अथेन्सची भट्टी

त्या दिवशीच्या आमच्या भट्टीत एकाच घाटाची भांडी होती: निकोस्थेनीसचा अँफोरा, म्हणजे दोन कानांचं उभं भांडं. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या या अथेन्सच्या कुंभाराने इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या ‘बुक्केरो’ या काळ्या भांड्यांचा घाट उचलला, त्यावर आपल्याकडची काळी चित्रं चढवली आणि माल इटलीलाच पाठवला. हे अँफोरे मुख्यतः इटलीतल्या चेर्वेतेरी या एट्रुस्कन शहराच्या थडग्यांत सापडले. पट्टीसारखे रुंद, पातळ कान ही त्यांची ओळख. भट्टीत सगळ्यात जपावं लागतं तेही कानांनाच.

बुक्केरोला शेवटी हवा कोंडली की भांडं आरपार काळं होतं, काम संपलं. अथेन्सच्या भांड्यावर मात्र काळं आणि लाल शेजारी शेजारी हवं, आणि तेही एकाच मातीतून. चाकावरची लोहयुक्त माती पाण्यात कालवायची, राखेचं थोडं क्षारपाणी घालून निवळत ठेवायची. जड कण तळाशी बसले की वरचं गढूळ पाणी काढून घ्यायचं, पुन्हा निवळायचं, मग आटवायचं. उरतो तो अतिशय बारीक कणांचा लेप. चित्रं याच लेपाची. चित्रांतल्या रेघा भाजण्याआधीच टोकदार अवजाराने कोरायच्या.

सकाळी आच मंदच ठेवली. ओल निघण्याआधी तापमान चढलं तर भांडं फुटतं, आणि ५७३ अंशांच्या आसपास मातीतले क्वार्ट्झचे (गारेचे) कण एकदम फुगतात, तिथेही घाई चालत नाही. दुपारी ८०० अंश ओलांडले तेव्हा हवा खेळती होती आणि सगळी भांडी लाल. मग ओलं लाकूड सारून झरोके लिंपले. कोंडलेला कार्बन मोनॉक्साइड लोहातला ऑक्सिजन ओढून घेतो, लालाचं काळं होतं. ९०० अंशांच्या वर लेपाचे कण वितळू लागून एकमेकांना घट्ट चिकटतात. भांड्याचं अंग सच्छिद्रच राहतं.

ते चिकटले की नाही, हे तापमापक सांगत नाही. त्यासाठी तोच लेप दिलेले, भोक पाडलेले खापराचे तुकडे भट्टीत ठेवतात आणि लोखंडी आकड्याने ओढून काढतात. अथेन्सच्या अगोरा या प्राचीन बाजारचौकाच्या भागातल्या कुंभारांच्या टाकाऊ मालात असे तुकडे मिळाले आहेत. आमचा पहिला तुकडा हवेत निवताना तपकिरी पडला, म्हणजे लेप कच्चा. आच तशीच धरली. पुढचा तुकडा काळा राहिला, चकाकला. त्या क्षणी अडीच हजार वर्षांपूर्वीचा कुंभार काय पाहत होता, ते नेमकं कळतं.

तापमान थोडं उतरू दिलं आणि झरोके फोडले. हवा सच्छिद्र अंगात शिरून ते लाल करते, घट्ट चिकटलेल्या लेपात शिरत नाही. फार गरम असताना उघडलं तर काळंही लालावतं. फार उशीर केला तर अंग राखाडीच राहतं.

दुसऱ्या दिवशी भांडी बाहेर आली ती नारिंगी अंगावर तुळतुळीत काळी. फक्त भट्टीच्या तोंडाकडच्या एका कानाच्या कडेवर विटकरी डाग होता. धारेवर लेप पातळ बसतो आणि तिथेच आतून हवा शिरते. बुक्केरोत हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे हवा परत आत घ्यायचीच नसते. उसना घाट अथेन्सच्या भट्टीत नेण्याची खरी किंमत त्या कडेवर दिसते. यापुढे कानांच्या धारेवर लेपाचा दुसरा हात, आणि मांडणी करताना कान तोंडापासून वळवलेले.