बोंड माझं की भुंग्याचं?

बागेतल्या आयरिस या फुलाचा संकर करायचं ठरवलं तेव्हा परागीभवन हे त्यातलं सगळ्यात सोपं काम असेल असं मला वाटलं होतं. फूल एवढं मोठं, अडचण कसली? पहिल्या सकाळी चिमटा घेऊन फुलापुढे बसलो आणि कुक्षी, म्हणजे पराग लावायची जागा, कुठे आहे तेच सापडेना.

फुलाच्या मधोमध ज्या तीन छोट्या पाकळ्या दिसतात त्या पाकळ्या नसतातच, ते कुक्षी धरणारे देठ, म्हणजे कुक्षीवृंत असतात. प्रत्येकाच्या टोकाशी, खालच्या अंगाला एक पातळ पट्टी असते. तीच कुक्षी. तिच्या मागे, छपराखाली लपल्यासारखा, परागकोश धरणारा एकच पुंकेसर. एका फुलात अशा तीन वेगळ्या खोल्या.

या खोल्यांची मेख मला भुंग्याने शिकवली. तो खाली झुकलेल्या पाकळीवर उतरला आणि तिच्यावरच्या दाढीसारख्या केसांवरून चालत आत घुसला. आत जाताना पाठीवरचे पराग आधी त्या पट्टीला पुसले जातात, मग पुढच्या परागकोशाला पाठ घासून नवे लागतात. बाहेर पडताना पाठ लागते ती पट्टीच्या मागच्या बाजूला, तिथे पराग रुजत नाहीत. मधमाशी मात्र एवढी लहान, की पाठ कुठेच न टेकवता मध पिऊन जाऊ शकते. त्यामुळे दाढीवाल्या आयरिसवर आपसूक बोंडं, म्हणजे बियांची फळं, कमीच धरतात. सायबेरियन आयरिसचं तसं नाही, त्याला बोंडंच बोंडं.

पहिल्या वर्षी मी चौदा फुलांवर हाताने पराग लावले, पाच बोंडं धरली. खूश होतो. मग सहावं दिसलं, मी हातही न लावलेल्या फुलाचं. म्हणजे भुंगा तिथे येऊन गेला होता. मग माझ्या पाच फुलांवर आला नसेल कशावरून? मी ना त्यांचे पुंकेसर काढले होते, ना खालच्या पाकळ्या. आईबापांची नावं लिहून बांधलेल्या पाचही चिठ्ठ्या संशयास्पद झाल्या.

बाप कोण याने काय बिघडतं, असं कुणी विचारेल. उंच दाढीवाल्या आयरिसमध्ये गुणसूत्रांचे चार संच असतात, एकूण 48. पांढऱ्या पाकळीला रंगीत ठिपक्यांची किनार हा गुण अप्रभावी, तो दिसायला चारही जागी तोच जनुक लागतो. आईबापांनी काय आणलं तेच माहीत नसेल तर पुढच्या पिढीचा बेत आखायचा कशावर?

दुसऱ्या वर्षी कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळीच हलक्या हाताने उघडली, तिन्ही पुंकेसर काढले, खालच्या पाकळ्या तोडल्या. भुंग्याला उतरायला जागाच ठेवली नाही. पट्टी चिकट, चकचकीत दिसू लागली की तिच्यावर परागकोश घासायचा. भिजलेले पराग फुकट जातात, म्हणून बापाचे पुंकेसर आधीच खुडून कागदावर वाळवायचे आणि डबीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचे. (घरच्यांना डबी उघडून दाखवावी लागली.) चिठ्ठीवर आधी आई, मग गुणिले, मग बाप. आणि पेन्सिलनेच; शाई उन्हात उडते हे मी एक बोंड गमावून शिकलो.

फूल गळाल्यावर खालचा भाग फुगू लागला तर जमलं. साधारण दोन महिन्यांनी बोंड तपकिरी होऊन टोकाला तडकतं, त्याआधीच काढायचं, नाहीतर बिया मातीत. पुढे बियांना काही आठवडे ओलसर थंडी लागते. तरी सगळ्या एकदम उगवत नाहीत, काही दुसऱ्या वर्षी डोकं काढतात.

ते सहावं बोंड मी टाकलं नव्हतं. त्याची रोपं तिसऱ्या वर्षी फुलली. बहुतेक मळकट जांभळी, पण एकाच्या धुरकट पाकळ्यांवर गडद तांबूस दाढी आहे. माझ्या पाच बोंडांतून असं एकही निघालं नाही. त्याच्या चिठ्ठीवर बापाच्या जागी मी 'भुंगा' लिहिलंय, आणि त्याचे पराग या मोसमात डबीत आहेत.