आमची वाटचाल : हिशेब कार्यालयात, माणसे घरी

नाशिकच्या सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींतील लहान कारखान्यांचे हिशेब, कामगारांची पगारपत्रके आणि जीएसटीची विवरणपत्रे तयार करून देणे हा आमचा व्यवसाय आहे. २४ मार्च २०२० च्या रात्री देशव्यापी टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा आमच्याकडे चौदा माणसे होती आणि घरून काम करण्याची कसलीही व्यवस्था नव्हती. विवरणपत्रांच्या मुदती सरकारने वाढवल्या, परंतु पगारपत्रके थांबवता येणार नव्हती. त्यामुळे ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, पेन ड्राइव्ह, जे हाताशी आले त्यातून फाइली घरोघरी गेल्या आणि काम सुरू राहिले. त्या वेळी मला याचा अभिमानच वाटत होता.

तो अभिमान फार दिवस टिकला नाही. एका सहकारी मुलीच्या घरचा लॅपटॉप बिघडल्यावर तिच्या भावाने तो दुरुस्तीच्या दुकानात दिला आणि त्यात एका कारखान्याच्या सर्व कामगारांचे पॅन व बँक खाते क्रमांक असलेली फाइल तशीच राहिली. तिने हे स्वतःहून सांगितले म्हणून आम्हाला कळले. मी त्या ग्राहकाला फोन केला, तेव्हा त्यांनी न चिडता एकच विचारले, की आमची माहिती सध्या नेमकी कुठे कुठे आहे. उत्तर देण्यासाठी यादी करायला बसले, तर ती एक फाइल नऊ ठिकाणी सापडली आणि त्यांपैकी तीन ठिकाणे म्हणजे घरातल्या इतरांचे मोबाइल होते.

यानंतर घाईघाईने केलेला पहिला उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट होता. कार्यालयातील संगणक घरून चालवता यावेत म्हणून रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे संगणकात बाहेरून येण्याचे दार, आम्ही थेट इंटरनेटवर उघडला. काही दिवसांनी सर्व्हरची (कार्यालयातील मुख्य संगणकाची) नोंदवही पाहिली, तर अनोळखी ठिकाणांहून ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ या नावाने लॉगिनचे प्रयत्न रात्रभर चालू असल्याचे दिसले. पोर्ट त्याच दिवशी बंद करून व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून जाणारी बंदिस्त खासगी वाट, बसवले. मात्र व्हीपीएनमुळे वाट सुरक्षित झाली, तरी फाइल शेवटी घरच्याच संगणकावर उतरत होती, म्हणजे दुरुस्तीच्या दुकानाचा धोका होता तिथेच राहिला.

व्हर्च्युअल डेस्कटॉपचा विचार आम्ही इथून सुरू केला. यात टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर, एक्सेल आणि सर्व फाइली सर्व्हरवरच राहतात. घरच्या संगणकावर फक्त पडद्याचे चित्र येते आणि तिथून कळफलक व माऊसच्या हालचाली परत जातात. अर्थात एवढ्याने काम भागत नाही, कारण मूळ जोडणीत कॉपी-पेस्ट, घरची ड्राइव्ह आणि घरचा प्रिंटर ही तिन्ही दारे बहुधा उघडीच असतात आणि ती एकेक करून बंद करावी लागतात. आम्ही ती बंद केली, लॉगिनला मोबाइलवरील दुसरी पडताळणी जोडली आणि पडद्यावर वापरणाऱ्याचे नाव फिकट उमटेल अशी सोय केली. मोबाइलने पडद्याचा फोटो काढणे यातले काहीच थांबवू शकत नाही, हे मी ग्राहकांना आधीच सांगते. अनपेक्षित लाभ झाला तो सिन्नर आणि निफाडकडील सहकाऱ्यांना: वीज गेली तरी अर्धवट नोंद सर्व्हरवर जशीच्या तशी उघडी राहते आणि वीज आल्यावर पुढे सुरू करता येते.

दारे बंद केल्यावर कुरकुर झालीच. सर्वांत जुन्या सहकाऱ्यांनी एकदा विचारले, “मॅडम, इतक्या वर्षांनी आमच्यावर विश्वास नाही का?” मी त्यांना नऊ ठिकाणांची ती यादी दाखवली, तिच्यात माझाही मोबाइल होता.

व्यवहारातल्या अडचणी वेगळ्याच निघाल्या. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याच्या २० तारखेला सगळे एकदम लॉगिन करत आणि सर्व्हर गुदमरत असे. सर्व्हरची स्मृती (रॅम) वाढवून आणि काही ग्राहकांचे काम १५ तारखेपर्यंत संपवण्याचा नियम करून तो प्रश्न आटोक्यात आणला. खर्च मात्र कमी झाला नाही. परवाने, बॅकअप आणि देखभाल धरली, तर प्रत्येक माणसामागे आम्ही पूर्वीपेक्षा जास्तच मोजतो, म्हणून हे पैसे वाचवण्याचे साधन आहे असे सांगणाऱ्या विक्रेत्यांवर माझा विश्वास नाही.

सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. चौदा घरांतील चौदा संगणकांवर विखुरलेल्या नोंदींतून हे आम्हाला कधीच जमले नसते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ग्राहकांचे प्रश्नही नेमके झाले आहेत. काम सोडून गेलेल्या माणसाकडे आमचे काय उरते, असे एका ग्राहकांनी अलीकडे विचारले, तेव्हा खाते बंद केल्याची तारीख आणि वेळ दाखवून उत्तर देता आले.

एक गाठ अजून सुटलेली नाही. कंपन्यांची काही विवरणपत्रे डिजिटल स्वाक्षरीच्या, पेन ड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या यूएसबी टोकनने भरावी लागतात आणि आम्ही यूएसबीचा मार्ग बंद ठेवलेला आहे. टोकन कार्यालयातील संगणकाला लावले, तरी घरून जोडलेल्या सत्रात ते दिसत नाही. त्यामुळे स्वाक्षरीसाठी एक स्वतंत्र संगणक कार्यालयात ठेवला आहे, ग्राहकांचा माणूस टोकन घेऊन तिथे येतो आणि त्या दिवशी आमच्यापैकी कोणा एकाला कार्यालयात यावेच लागते.