भरलेली गाडी

कुटुंबासाठी घेतलेली सेडान रिकामी असताना जशी वागते तशी ती भरल्यावर वागत नाही, आणि तिच्याबद्दल काही ठामपणे बोलायचे असेल तर ते भरलेल्या गाडीबद्दलच बोलावे, असे माझे मत बनले आहे. शोरूममध्ये ती रिकामी उभी असते, चाचणी फेरीच्या वेळी तिच्यात फार तर तीन माणसे असतात, आणि घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे बहुधा चालवणारा एकटाच तिच्यातून ये-जा करत असतो. या काळात आपण चारचौघांत गाडीचे जे कौतुक करतो ते तिच्या अर्ध्याच स्वभावावर बेतलेले असते. उरलेला अर्धा स्वभाव पाच माणसे बसली, डिकी ठासून भरली आणि गाडी लांबच्या रस्त्याला लागली, की मग उलगडू लागतो.

सुरुवातीचे दिवस तसे जपणुकीचे असतात. शेजारच्या गाडीचे दार कुठवर उघडेल याचा अंदाज घेऊन आपण पार्किंगची जागा निवडतो. सीटवरचे प्लास्टिक काढावे की राहू द्यावे यावर घरात दोन पक्ष पडतात. (ते काढावेच, काही गाड्यांत एअरबॅग सीटच्या कडेतून उघडते आणि तिच्या वाटेत कसलेही आवरण असू नये.) पहिले हजार-पंधराशे किलोमीटर इंजिनाला दमाने घ्यावे, असे गाडीसोबतच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा लिहिलेले असते. पिस्टनभोवतीच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासत घासत हळूहळू नीट बसतात, आणि ही बैठक जमली की जळणाऱ्या वायूचा दाब वाया जात नाही आणि इंजिन तेलही खात नाही. दमाने म्हणजे नुसते हळू, असा अर्थ मात्र अनेक जण काढतात, आणि वरच्या गिअरमध्ये कमी वेगाने गाडी कण्हत कण्हत चालवतात. तेही इंजिनाला जोर लावून पळवण्याइतकेच वाईट. तासन्‌तास एकाच वेगाने जाणेही या काळात टाळायचे असते. इंजिनाचे फेरे कमी-जास्त होत राहायला हवेत.

या दिवसांतली आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. नव्या ब्रेक पॅडना डिस्कवर पूर्ण टेकायला काहीशे किलोमीटर लागतात, आणि नव्या टायरचा वरचा गुळगुळीत थर झिजेपर्यंत त्यांची रस्त्यावरची पकड थोडी कमीच असते. म्हणजे ज्या दिवसांत आपण गाडीवर डोळे मिटून विश्वास टाकतो, नेमक्या त्याच दिवसांत तिची थांबण्याची तयारी अपुरी असते. त्यामुळे गाडी हातात आल्याबरोबर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघण्याची हौस मला कधीच शहाणपणाची वाटलेली नाही, मग घरचे कितीही रुसोत.

त्यानंतर मात्र निघावे, आणि भरून निघावे. मध्यम आकाराची सेडान रिकामी असताना साधारण 1100 ते 1300 किलोची असते. पाच माणसे आणि त्यांचे सामान म्हणजे तिच्यावर सुमारे 400 किलोंची भर, म्हणजे जवळजवळ तिच्या एक-तृतीयांश वजनाची. इंजिन तेच, ब्रेक तेच. रोज एकट्याने जाताना समोरचा ट्रक ओलांडायला जेवढे अंतर पुरते म्हणून पायाला सवय झालेली असते, तेवढे आता पुरत नाही. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर विचार करते आणि मग उचल घेते. ही तक्रार नव्हे. चालकाने आपला अंदाज नव्याने बांधावा, एवढाच तिचा अर्थ. चढावर आधीच खालचा गिअर घ्यावा, उतारावर तोच गिअर ठेवून ब्रेकवरचा ताण हलका करावा, आणि पुढच्या गाडीपासूनचे अंतर वाढवावे. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 28 मीटर पुढे गेलेली असते, आणि पाय ब्रेकवर पोहोचायलाच साधारण तेवढा वेळ जातो.

चढ आणि वजन यांचे हे नाते मोटारीइतकेच जुने आहे. 1888 सालच्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार स्वतः चालवत, जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला आपल्या माहेरी गेल्या. शंभरहून अधिक किलोमीटरचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेत इंधन म्हणून लागणारे द्रव्य त्यांनी वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून घेतले, झिजलेल्या ब्रेकवर चामडे ठोकून घेतले, आणि चढ आला की मुलांनी उतरून गाडी ढकलली. परतल्यावर त्यांनी चढासाठी आणखी एक गिअर हवा, असे नवऱ्याला सुचवले. मोटारीची पहिली लांबची सफर अशी घरच्यांनी मिळून केलेली आणि माहेरची होती, आणि तिच्यातून निघालेल्या सूचना भरलेल्या गाडीच्या चढण्याविषयी आणि थांबण्याविषयी होत्या, याचे मला फार समाधान वाटते.

सेडानच्या बाबतीत वजनाचा पहिला परिणाम तिच्या उंचीवर होतो. रिकाम्या गाडीचे पोट रस्त्यापासून साधारण 160 ते 170 मिलिमीटर वर असते. पाच जण बसले की मागचे सस्पेन्शन दबते आणि या अंतरातले काही सेंटिमीटर नाहीसे होतात. त्यातून पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सेडानमध्ये बऱ्यापैकी लांब असते, त्यामुळे उंच गतिरोधक पुढची चाके ओलांडून गेल्यावर नेमका गाडीच्या पोटाखाली येतो. रोज सहज पार होणारा गतिरोधक त्या दिवशी तिरके जाऊन, एकेक चाक चढवत पार करावा लागतो. मागून आई म्हणते, "अरे, आम्ही उतरू का?" आणि वडील गाडीबाहेर मान काढून, त्यांना दिसणे शक्यच नसलेल्या जागेची पाहणी करतात.

मागचा भाग दबला म्हणजे पुढचा भाग तेवढा उचलला जातो, आणि रात्री हेडलाइटचा झोत समोरच्या चालकाच्या डोळ्यांत शिरतो. त्यासाठीच अनेक गाड्यांत स्टेअरिंगच्या बाजूला शून्यापासून तीनपर्यंत आकडे असलेले एक लहानसे चाक दिलेले असते. ते फिरवले की झोत खाली येतो. वर्षानुवर्षे गाडी चालवूनही या चाकाला कधी हात न लावलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि समोरून येणारे लोक आपल्याला उगाच डिपर का देतात, असा प्रश्न तीच माणसे विचारतात. टायरच्या हवेचेही तसेच. चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पुष्कळदा हवेचे दोन आकडे असतात, एक नेहमीसाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. प्रवासाला निघण्यापूर्वी टायर थंड असताना दुसऱ्या आकड्याइतकी हवा भरायची, आणि वाटेत तापल्यामुळे दाब वाढलेला दिसला तरी ती सोडायची नाही, इतके साधे हे काम आहे. कमी हवेचा टायर भाराखाली अधिक वाकतो, वाकल्याने अधिक तापतो, आणि उन्हातल्या लांब रस्त्यावर हेच तापणे शेवटी टायर फुटण्यापर्यंत जाते.

डिकी हा सेडानचा खरा अभिमान. जाहिरातीत तिचा आकार लिटरमध्ये सांगतात. तो मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत 200, 100 आणि 50 मिलिमीटर बाजूंचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे आत रचून किती मावतात ते पाहतात. आपल्या घरच्या बॅगा मात्र असल्या सुस्वभावी ठोकळ्यांच्या आकाराच्या नसतात. सेडानच्या डिकीचे पोट मोठे आणि तोंड लहान. मोठी कडक सूटकेस आत मावली असती, पण तोंडातूनच जात नाही, असा प्रसंग येतो. शिवाय झाकणाच्या बिजागऱ्यांच्या वाकड्या दांड्या झाकण लावताना आत उतरतात आणि कोपऱ्यातल्या बॅगेवर बसतात. म्हणून कापडी, चेपता येणाऱ्या बॅगा घ्याव्यात. जड वस्तू तळाशी आणि मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवाव्यात, कारण मागच्या चाकांच्याही मागे टांगलेले ओझे पुढच्या चाकांवरचा भार कमी करते आणि स्टेअरिंग हलके वाटू लागते. आणि डिकी आपणच लावणार, असे सांगणारी एक व्यक्ती प्रत्येक घरात असते. तिला लावू द्यावी. तिच्या पद्धतीत पाण्याची बाटली नेहमी सगळ्यात खाली जाते, हे सोडले तर बाकी ठीक असते.

सगळे न मावल्यास काही सामान टपावर बांधण्याचा मोह होतो. त्याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ दिसण्यापुरता नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी 80 वरून 100 किलोमीटरवर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना इंधनाचा मोठा वाटा या हवेशी झुंजण्यात जातो. आतल्या माणसांचे वजन तिथे फारसे महागात पडत नाही. म्हणूनच भरलेली सेडान मोकळ्या रस्त्यावर जे ॲव्हरेज देते ते शहरातल्या गर्दीत रिकाम्या सेडानलाही पुष्कळदा साधत नाही. बुटकी, निमुळती होत गेलेली ही गाडी हवा कापण्यासाठीच घडवलेली असते. तिच्या मागच्या काचेवर सहसा वायपर नसतो, त्याचेही कारण यातच आहे: छतावरून आलेली हवा तिरप्या काचेवरून डिकीकडे सरकत जाते, आणि सरळ उभ्या पाठीच्या गाड्यांत मागे उठणारी धूळ जशी काचेवर येऊन बसते तशी इथे बसत नाही. अशा गाडीच्या डोक्यावर गाठोडे बांधणे म्हणजे पळायला निघालेल्या माणसाला छत्री उघडून धरायला लावण्यासारखे आहे.

आता मागच्या सीटवरच्या मधल्या जागेविषयी. सेडान पाच जणांची असते हे कागदावर खरे आहे. पाचव्याच्या पायांमध्ये जमिनीचा उंचवटा येतो. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत मागे जाणारा फिरता दांडा नसतो, तरीही हा उंचवटा राहतो, कारण त्याच्याखालून धुराचा पाइप जातो आणि गाडीच्या सांगाड्यालाही त्याने बळकटी येते. पाठीशी दुमडलेला आर्मरेस्ट असल्याने तिथली पाठ टणक असते, आणि दोन्ही बाजूंनी खांदे येतात ते वेगळेच. या जागेवर कोणी बसायचे हा प्रश्न आमच्याकडे वयाने सुटत नाही, रुंदीनेही सुटत नाही. तो थांब्यागणिक पाळी बदलून सुटतो. गाडी पसंत करायला जाताना घरातल्या सगळ्यांनी जावे, आणि अंतिम शब्द ज्याचा असेल त्याने चालकाच्या जागेवर नव्हे तर याच जागेवर बसून फेरी मारावी. एका बाबतीत मात्र वाटाघाट नको. निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये व्होल्वोसाठी तयार केलेला तीन बिंदूंचा सीट बेल्ट त्या कंपनीने इतरांनाही वापरू दिला, आणि आज तो मधल्या जागेवरही मिळतो. तो तिथल्या माणसानेही लावलाच पाहिजे. मागे मोकळा बसलेला माणूस धडकेत स्वतःपुरता जखमी होत नाही, तो पुढच्या सीटवर जाऊन आदळतो.

भरलेल्या गाडीची झोपही निराळी असते. जेवणे होऊन तासभर झाला, काचा बंद आहेत, एसी आतलीच हवा फिरवतो आहे, आणि एकामागून एक माना कलू लागतात. याचे खापर आपण जेवणावर फोडतो, पण पाच जणांच्या श्वासाने बंद गाडीतला कार्बन डायऑक्साइड भराभर वाढतो, आणि त्यानेही डोके जड होते. एसीचे बटण बाहेरची हवा घेण्यावर ठेवावे. धुळीच्या टप्प्यात तेवढे बदलावे आणि पुन्हा आठवणीने पूर्ववत करावे. मळमळणाऱ्या मुलांनाही या हवेचा फायदा होतो, जरी त्यांच्या मळमळीचे मुख्य कारण दुसरेच असते: डोळे हातातल्या फोनवर स्थिर, आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मात्र प्रत्येक वळण टिपत असतो. त्यांना दूरवर समोर पाहायला सांगावे. ते ऐकत नाहीत, तेव्हा दर दोन तासांनी थांबावे. तेवढ्या वेळाने चालकानेही उतरायलाच हवे.

अशा एका प्रवासातून आल्यावर आमच्या गाडीच्या मागच्या उजव्या बाजूने करकर ऐकू येऊ लागली. सर्व्हिसिंगच्या वेळी मी ती तक्रार लिहून दिली. मेकॅनिक एकटाच गाडी घेऊन फेरी मारून आला आणि आवाज येत नाही म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. रिकाम्या गाडीत ती करकर येतच नसे. मी त्याला म्हटले, माणसे भरून पाहू या. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे गेलो. चालवायला मी बसलो, पुढे वडील, आणि मागे आई नि मुलगी यांच्यामध्ये, त्या उंचवट्यावर गुडघे हनुवटीला लावून, तो मेकॅनिक. पहिल्याच गतिरोधकावर आवाज आला. "सस्पेन्शनचा रबरी बुश आहे," तो म्हणाला, "बदलून देतो. पण आधी मला इथून उतरवा."