शेपटा

दांडिया बाजारातल्या माझ्या पार्लरचं शटर त्या दिवशी मी भर दुपारी अर्धं खाली ओढलं. वहिनींनी फोनवर तेवढंच मागितलं होतं, "कुणी बघायला नको गं."

पहिल्या किमोला सोळा दिवस झाले होते. स्तनाच्या कॅन्सरसाठी देतात ते लाल औषध. भराभर वाढणाऱ्या पेशींना ते गाठतं आणि केसांची मुळंही त्यातच सापडतात. दोन-तीन आठवड्यांत गळती लागते. त्या सकाळी कंगव्याबरोबर पुंजकाच हातात आला होता. "उशीला डोकं टेकवत नाही," म्हणाल्या. केस सुटायच्या सुमारास टाळू अशी हुळहुळी होते.

सोबत सासूबाई आल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या. मला धास्ती त्यांचीच होती. सवाष्णीचं डोकं उतरवायचं हे आपल्या घरांत अजूनही तोंडातून निघत नाही. मी सुद्धा "बारीक करूया" एवढंच म्हणत होते.

आधी शेपटा दोन्ही टोकांना रबरानं घट्ट बांधला आणि मानेपाशी कापला. सतरा वर्षं याला मेंदी लावलीय मी, त्याचं वजन हाताला ओळखीचं होतं. यातलेच केस सुती टोपीच्या कडेला, कपाळापाशी शिवायचे ठरलं होतं. वरून ओढणी घेतली की पुढे स्वतःचेच केस दिसतात.

मग मशीन. वस्तरा मुद्दाम हातात घेतला नाही. किमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, बारीकसा कापलेला भागही चिघळू शकतो. भुवयांना दोराही लावला नाही, त्याच कारणासाठी. भुवया बहुतेक वेळा केसांनंतर जातात, म्हणून त्या असतानाच जवळून फोटो काढून ठेवला. नाकपुडीशेजारी पेन्सिल उभी धरली की वर जिथे टेकते तिथून भुवई सुरू करायची, हे मी त्यांच्याच हातून तीनदा करून घेतलं. मला विचाराल तर केसांपेक्षा भुवया गेल्या की चेहरा जास्त अनोळखी होतो.

मशीन फिरत असताना वहिनींनी डोळे मिटले होते. सासूबाई उठल्या. मला वाटलं, बाहेर जातील. त्या खुर्चीमागे आल्या आणि त्या उघड्या डोक्यावर तळवा ठेवला.

"माझ्या आत्याला कुणी विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "न्हावी आला, परसात बसवलं, झालं. हिनं स्वतः ठरवलंय." मग माझ्याकडे वळून, "कानामागे राहिलेत बघ थोडे."

मी ते काढले. वहिनींनी डोळे उघडले, आरशात पाहिलं आणि पर्समधून कुंकवाची डबी काढली. हात थरथरत होता. सासूबाईंनी डबी घेतली आणि त्यांच्या कपाळावर नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावलं.