कोरा रकाना

"ताई, ह्या बाई कामावर जातच नव्हत्या वाटतं," शेजारच्या खुर्चीवरून आमच्या टीममधला नवा मुलगा म्हणाला.

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात अमेरिकी खासदारांच्या कामकाजाच्या नोंदी तपासायचं काम चालतं. कोणी कुठलं विधेयक मांडलं, कशावर काय मत दिलं, हे आधी सॉफ्टवेअर भरतं, मग आम्ही डोळे फोडतो. त्या संध्याकाळी ग्वामच्या प्रतिनिधी मॅडेलिन बोर्डालो यांची शीट उघडली होती, २००३ ते २०१९ ची. मतदानाच्या रकान्यात ओळीनं 'गैरहजर', आणि खाली लाल शेरा: निष्क्रिय.

मीसुद्धा 'डेटा अपुरा' म्हणून परत पाठवणार होते. पण २००७ ते २०१० मध्ये अधूनमधून 'होय', 'नाही' दिसत होतं. जी बाई कामावरच जात नाही, ती मधली चार वर्षंच कशी मत देते?

ग्वाम हे प्रशांत महासागरातलं बेट, अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश, राज्य नव्हे. तिथला प्रतिनिधी प्रतिनिधिगृहात भाषण करतो, विधेयक मांडतो, समितीत मतही देतो. पण विधेयकावरच्या अंतिम मतदानात त्याला मतच नाही. मधल्या त्या चार वर्षांत, पूर्ण सभागृह समिती म्हणून बसलं की, अशा प्रतिनिधींना मत देता येत होतं. त्यातही मेख अशी, की त्यांच्या मतांमुळे निकाल फिरला तर त्यांना वगळून पुन्हा मतदान! हे वाचून आमचा मुलगा मोठ्यानं हसला. २०११ मध्ये तेवढंही काढून घेतलं.

मग मी बोर्डालोंनी मांडलेल्या विधेयकांचा टॅब उघडला, आणि चहा गार झाला. एकच विषय पुन्हा पुन्हा: ग्वामच्या युद्धपीडितांची भरपाई. १९४१ च्या डिसेंबरात जपाननं बेट घेतलं, ते १९४४ पर्यंत सोडलं नाही. तिथल्या मूळच्या चामोरो लोकांनी वेठबिगारी, छावण्या, बलात्कार, कत्तली सोसल्या. १९५१ च्या शांतता करारात अमेरिकेनं जपानवरचे दावे सोडून दिले, म्हणून मागणी अमेरिकेकडेच. बोर्डालोंच्या आधीचे प्रतिनिधी रॉबर्ट अंडरवूड यांनीही हाच विषय लावून धरला होता. २००७ मध्ये बोर्डालोंचं विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झालं, सिनेटमध्ये अडकलं. त्या मंजुरीच्या यादीत विधेयक मांडणाऱ्या बाईंचंच नाव नाही. ते मी दोनदा शोधलं.

अखेर २०१६ च्या डिसेंबरात संरक्षण खर्चाच्या कायद्यात ते घुसवलं गेलं. मृतांच्या वारसांना २५ हजार डॉलर, छळ सोसून वाचलेल्यांना १० ते १५ हजार. आणि पैसा? ग्वामलाच मिळणाऱ्या कराच्या वाढीव रकमेतून. म्हणजे आपल्याच खिशातून आपल्याला भरपाई. तोवर सत्तरेक वर्षं उलटली होती. किती जण वाट बघतच गेले असतील.

"मग ह्या घरात भरू काय?" मुलानं विचारलं.

ड्रॉपडाउनमध्ये चारच पर्याय होते: होय, नाही, उपस्थित, गैरहजर. मी क्लायंटला मेल टाकली, पाचवा हवा: 'मताधिकार नाही'. रात्री साडेअकराला होकार आला. लाल शेरा तेव्हाच काढला, आणि कोलंबिया जिल्हा (राजधानी वॉशिंग्टन), प्युर्टो रिको अशा मताधिकार नसलेल्या बाकीच्या पाच जागांच्या फायली त्या मुलानं आपणहून मागून घेतल्या.