एबीसी ७२० आणि सीबीएस १०८०, असं का?

अमेरिकेत केबल बंद करून साधी अँटेना लावली की थोड्या दिवसांत एक प्रश्न पडतोच. रिमोटचं इन्फो बटन दाबलं की सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही नेटवर्कांवर १०८०आय दिसतं आणि एबीसी, फॉक्सवर ७२०पी (आकडा म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळी). आपल्या ग्रुपवर लगेच कोणीतरी लिहितं की एबीसीवाले कंजूष आहेत. तसं काही नाहीये.

गोष्ट ९० च्या दशकातली आहे. डिजिटल टीव्हीचं स्टँडर्ड ठरत होतं तेव्हा टीव्ही कंपन्या आणि ब्रॉडकास्टर एकीकडे आणि कॉम्प्युटरवाले दुसरीकडे, अशी जोरदार भांडणं चालू होती. कॉम्प्युटरवाल्यांना इंटरलेस, म्हणजे चित्र अर्धं-अर्धं करून पाठवणं, जुनाट प्रकार वाटायचा, त्यांना प्रोग्रेसिव्हच, म्हणजे दर वेळी पूर्ण चित्र, हवं होतं. शेवटी डिसेंबर १९९६ मध्ये एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी प्रसारण नियामकाने, स्टँडर्ड मान्य केलं पण कुठलं रेझोल्युशन वापरायचं ते नियमात घातलंच नाही, ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. मग काय, प्रत्येक नेटवर्कने आपापलं निवडलं.

आता ते ‘आय’ आणि ‘पी’, म्हणजे तेच इंटरलेस आणि प्रोग्रेसिव्ह. ७२०पी मध्ये सेकंदाला ६० पूर्ण चित्रं येतात. १०८०आय मध्ये सेकंदाला ६० अर्धी चित्रं, आधी १, ३, ५ नंबरच्या ओळी आणि मग २, ४, ६ च्या. या दोन अर्ध्यांमध्ये १/६० सेकंदाचं अंतर असतं आणि तेवढ्यात फुटबॉल पुढे सरकलेला असतो, त्यामुळे टीव्हीने दोन्ही अर्धी नीट जुळवली नाहीत तर बॉलच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. बातम्यांच्या खालची सरकती पट्टी बघा, तिथे तर हमखास. म्हणून एबीसी आणि त्यांचंच भावंड ईएसपीएन यांनी खेळ डोळ्यांसमोर ठेवून ७२०पी घेतलं. फॉक्स आधी ४८०पीवर समाधानी होतं, ७२०पीवर ते नंतर आलं. सीबीएस, एनबीसीला स्थिर चित्रातले बारकावे जास्त महत्त्वाचे वाटले.

आणि गंमत म्हणजे हिशोब केला तर फार फरक नाहीच. १२८० गुणिले ७२० गुणिले ६० म्हणजे सेकंदाला साडेपाच कोटी पिक्सेल, आणि १९२० गुणिले १०८० गुणिले ३० म्हणजे सव्वासहा कोटींच्या आसपास. १०८० मोठा आकडा आहे म्हणून दीडपट भारी चित्र, असं गणित नाहीये हे!

लोकल स्टेशन साधारण आपल्या नेटवर्कचंच रेझोल्युशन पुढे पाठवतं, पण तशी सक्ती नाही, काही एबीसीवाली स्टेशनंसुद्धा १०८०आयवर आहेत. खरी मारामारी आहे बिटरेटची, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवता येतो त्याची. एका स्टेशनला ६ मेगाहर्ट्‌झ मिळतात, त्यात सेकंदाला १९.३९ मेगाबिट मावतात, आणि तेही एमपेग-२ या जुन्या कॉम्प्रेशनमध्ये. त्यातच मुख्य चॅनल, त्यातच ७.२, ७.३, ७.४ वगैरे जुन्या मालिकांचे आणि शॉपिंगचे चॅनल कोंबायचे, कारण त्या जागेचे पैसे मिळतात. छोट्या गावांत तर एकाच ट्रान्समीटरवर दोन नेटवर्क असतात, मग दोन्ही ७२०पीवर उतरवले की काम भागतं. त्यामुळे चित्र फुटत असेल तर आकड्यापेक्षा त्या स्टेशनवर पॉइंट किती पर्यंत चॅनल आहेत ते आधी मोजा. माझं मत विचाराल तर गर्दीतल्या १०८०आयपेक्षा मोकळं ७२०पी कधीही बरं, निदान सामना बघताना तरी.

एटीएससी ३.० या नवीन प्रसारण स्टँडर्डमध्ये कॉम्प्रेशन बरंच सुधारलंय, १०८०पी सहज बसतं, पण काही स्टेशनांनी सिग्नलला डीआरएमचं (कॉपी रोखणाऱ्या एन्क्रिप्शनचं) कुलूप घातलंय आणि लोकांनी हौसेने घेतलेल्या काही ट्यूनर बॉक्सवर ते चॅनल लागतच नाहीत. फुकटच्या हवेतल्या टीव्हीला कुलूप कशाला, हे मला तरी अजून कोणी पटवून दिलेलं नाही.