हात पुरत नाही तेव्हा

परवा दुपारी नवरा गोळ्यांची स्ट्रिप घेऊन खिडकीपाशी उभा होता. हात पूर्ण लांब, मान मागे, डोळे बारीक, आणि चेहरा असा की समोरचा उसने पैसे मागतोय. एक्स्पायरी डेट बघत होता म्हणे. मी स्ट्रिप हातातून काढून घेतली, चष्मा कपाळावर ढकलला, स्ट्रिप नाकाजवळ नेली आणि महिना-साल खडाखडा वाचून दाखवलं. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार, पण चष्मा कपाळावर असल्यामुळे मला काही दिसला नाही.

या माणसाने लग्नापासून माझ्या चष्म्यावर विनोद केलेत. त्याची नजर सिक्स बाय सिक्स आणि मी शाळेपासूनची ढापणी, मायनस चार. आता त्याला चाळशी लागलीय आणि घरात दोनशे रुपयांचे प्लसवाले चष्मे जागोजागी पडलेले असतात, एकही वेळेवर सापडत नाही. मी मात्र चष्मा काढला की झालं. साधं गणित आहे, एकाला नंबरने भागायचं, मायनस चार म्हणजे पाव मीटर, 25 सेंटिमीटर. तेवढ्यापर्यंतचं जग मला बिनचष्म्याचं स्वच्छ दिसतं. सुईचं नेढं, तांदळातला खडा, बोटात घुसलेलं कूस, सगळी खाती माझ्याकडे. आता पंचवीस सेंटिमीटरच्या पलीकडे कोण उभं आहे ते आवाजावरून ओळखावं लागतं आणि लोक म्हणतात हल्ली ओळख दाखवत नाही, पण ते चालायचंच.

मैत्रिणी म्हणतात लेझर करून टाक गं, एकदाचा जाईल. नको. लांबचा घालवायचा आणि जवळचा लावून घ्यायचा, कारण डोळ्यातलं भिंग वयाने कडक होत जातं ते लेझरवाल्यालाही थांबवता येत नाही. डोळ्याचा गोळा मागे मिलीमीटरभर लांब झाला तरी अडीच-तीन नंबर चढतो म्हणतात, तर माझा तेवढाच थोडा लांबलाय. त्याला एकदम 'नजर कमजोर' कशाला म्हणायचं?

आजोळी आजोबांचा चष्मा मात्र खरा चष्मा होता. तेव्हाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन म्हणजे खराब झालेलं भिंग काढून टाकायचं आणि आत काहीच बसवायचं नाही, सगळा भार बाहेरच्या काचेवर, प्लस दहाच्या आसपास. त्यातून त्यांचे डोळे एवढाले दिसायचे की पहिल्यांदा बघून मी रडले होते म्हणे. त्यांनाही सगळं पाव हिश्श्याने मोठं दिसायचं आणि म्हणून जवळ वाटायचं. सकाळी चहाचा पेला आला की हात पुढे जायचा आणि पेल्याच्या अलीकडेच मूठ मिटायची. मग आजी काही न बोलता बोटभर पेला पुढे सरकवायची. त्या जाड काचेच्या कडेला उजेड असा वाकतो की नजरेत एक गोल पट्टाच गायब होतो, त्यात कोणी आलं की दिसतच नाही आणि मग एकदम समोर उगवतं. हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मी माजघराच्या दारातून कडेकडेने जायचे आणि ते दचकून "कार्टे, कुठून उगवलीस!" म्हणाले की मला वाटायचं आपल्याला गायब होता येतं. सुट्टीभर तोच खेळ.

खरं तर आत बसवायची लेन्स तेव्हा निघालेली होती. महायुद्धात विमानाच्या कॉकपिटचं प्लास्टिक फुटून तुकडे पायलटांच्या डोळ्यात जायचे आणि डोळा ते बऱ्यापैकी निमूट सहन करायचा, हे बघून हॅरल्ड रिडली नावाच्या डॉक्टरने 1949 साली लंडनमध्ये तसल्याच प्लास्टिकची पहिली लेन्स बसवली. आमच्या तालुक्याच्या शिबिरापर्यंत ती आली तोवर आजोबांचं सगळं उरकलं होतं. आजीला मिळाली.

आजीचं तर वेगळंच. सत्तरीच्या पुढे एक दिवस तिने चाळशी डब्यात घालून टाकली आणि बिनचष्म्याची पोथी वाचायला लागली. आळीभर सांगत सुटली, देवाने नजर परत दिली. डॉक्टरने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, आजी, मोतीबिंदू पिकतोय, भिंग घट्ट होऊन मायनस नंबर आलाय म्हणून जवळचं दिसतंय, थोडे दिवसांनी तेही जाईल. आजीने त्या डॉक्टरला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

आणि त्याच घरातला मामा. रेल्वेच्या मेडिकलला गेला तोपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, त्यालाही नाही. ते ठिपक्याठिपक्यांचं जपानी पुस्तक असतं ना इशिहाराचं, 1917 पासून चालत आलेलं, त्यात जिथे आपल्याला 74 दिसतात तिथे मामाला 21 दिसले. लाल-हिरव्यातला फरक कमी. परत पाठवला. मग बँकेत लागला, छान रिटायर झाला, पण विषय निघाला की अजून सांगतो, 21 च होते, नीट बघितलेत मी. गंमत म्हणजे 21 तिथे खरंच असतात, छापलेलेच तसे असतात, फक्त आपल्याला ते दिसत नाहीत.

हे मामाला आजीकडून आलं, जिला स्वतःला रंगांची काडीचीही अडचण नव्हती, शालूतले तीन हिरवे ती लांबून वेगळे सांगायची. मुलींमध्ये ते बहुतेक गुपचूप पुढे जातं. म्हणजे आईकडे आलं असेल किंवा नसेल, आईकडून माझ्याकडे, माझ्याकडून पुढे, दर वेळी अर्धी-अर्धी शक्यता.

चिरंजीव दहावीत आहेत आणि मर्चंट नेव्ही म्हणतायत. तिथे हे तपासतात. ती ठिपक्यांची चित्रं नेटवर सहज मिळतात, पाच मिनिटांचं काम. अजून दाखवलेली नाहीत. बोर्डाचे पेपर होऊ देत, मग बघू.